उतारावरचं रडू

"मावशी, चालताना तुम्हाला कधी रडू येतं का हो?"

श्रुतिकानं विचारलं आणि मागे तिच्या मैत्रिणी सुम्बुल नि सेजल तोंड दाबून खिदळल्या. पैजच तशी लागली होती. जेवण सांभाळायला सोबत आलेल्या कुडपणच्या रंगूबाई पातेल्यांचा बोजा घेऊन सगळ्यांच्या पुढे, कुणाशी अवाक्षर नाही. त्यांना हे विचारायचं!

त्या दिवाळीच्या सुट्टीत डोंगरातून रायगडापर्यंत अकरा दिवस चालायचं होतं. तो सहावा. श्रुतिकाची टाच सोलली होती, आणि आदल्या संध्याकाळी तिनं गुपचूप बाबांना फोन केला होता, "उद्या कुडपणला गाडी घेऊन या. मला घरी यायचंय." मैत्रिणींना यातलं काही ठाऊक नव्हतं.

रंगूबाई थांबल्या. "येतं की गो! पन रडायचं ते उतारावर. चढाला रडलीस तं दम पुरत नाय."

"आणि परत फिरावंसं वाटलं तर?"

"ते जेवल्यावर ठरवायचं. उपाशी मानूस भलतंच ठरवतो."

मग त्या बोलतच सुटल्या. रस्ता नव्हता तेव्हा याच वाटेनं त्या नि त्यांची थोरली बहीण डोक्यावर नाचणी घेऊन पोलादपूरच्या बाजाराला जायच्या. बहीण पुढे, ती मागे वळून बघायची नाही. "आता मुंबईत ऱ्हाते, सातव्या माळ्यावर. लिफ्टमधनं फोन करते नि म्हनते, रंगू, चढ लागलाच नाय गो!" रंगूबाई हसल्या. मग कारवीच्या झुडपांत बुडालेल्या त्या जुन्या पायवाटेकडे नुसत्या बघत राहिल्या. श्रुतिकाला तो चेहरा अजून आठवतो.

उतार लागला आणि श्रुतिकानं मोकळं भोकाड पसरलं. सुम्बुल घाबरली. "अगं, काय झालं?" "काही नाही, रडून घेतेय!" ती हुंदक्यातच म्हणाली. मग तिघीही हसत, घसरत खाली आल्या.

कुडपणला बाबांची गाडी उभी होती, बिरवाडीच्या घरून आलेली. आईनं टाच बघितली, कपाळाला हात लावला आणि दार उघडलं. "चल बाई, बस."

"थांब, जेवते."

तांदळाच्या दोन भाकऱ्या, सुकटीची चटणी. आई-बाबा समोर उभे. बाबांनी दोनदा घड्याळ बघितलं. श्रुतिकानं हात धुतले, टाचेला नवी पट्टी लावली आणि पाठीवर सॅक चढवली.

"आई, बाबा, मी येत नाही. काल खरंच यायचं होतं, खोटं नव्हते बोलले. पण मी पुढे जातेय. अकराव्या दिवशी रायगडाच्या पायथ्याशी या."