शेंदराचे सात ठिपके

कळंबच्या देवळाला पदू आपला ॲम्प्लिफायर विकत होता. "दोनच वर्षांचा हाय," असं छातीठोक सांगत होता. वय ठरवायला गावाने लग्नाकार्याला लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या खालापूरच्या नागू मिस्त्रीला बोलावलं.

नागूने झाकण काढलं आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली. ट्रान्सफॉर्मरवर अठ्ठावन्न सालचा शिक्का होता. शेजारी शेंदराचे ठिपके, दर खंडेनवमीच्या अवजारपूजेला एक, त्याच्याच बोटाचे. आठवी खंडेनवमी यायच्या आधीच लग्नाच्या मांडवातून ही पेटी चोरीला गेली होती. बारा वर्षं तो डूख धरून होता.

त्याने पेटी देवळाच्या कर्ण्याला जोडून चालू केली आणि माईक पदूच्या तोंडाशी धरला.

"ठिपके मोज रं, मोठ्यानं."

काहीच न कळून पदूने सातपर्यंत मोजलं. कर्ण्यातून गावभर ऐकू गेलं.

"सातही माज्या बोटाचे. आता आठव्या खंडेनवमीला माजी पेटी कुणाच्या घरात व्हती, ते बी सांग."