रिंकी गेली तेव्हा घरी राहिलेले झाड

मी एक जुने स्नेक प्लांट आहे, मित्रांनो. गोंदियाजवळ फुलचूरला, उदाराम बिसेन यांच्या घरात खिडकीशी माझी कुंडी आहे.

त्यांची मुलगी रिंकी नर्सिंग शिकत होती, तेव्हा तिने मला आणले. पंधरा दिवसांतून एकदा ती मातीत बोट खुपसून पाहायची. आतपर्यंत कोरडी लागली तरच पाणी द्यायची. ओल्या फडक्याने पानांवरची धूळ पुसायची. मला तेवढे पुरत असे. पाच वर्षे सुखात गेली.

मग तिला पुण्याच्या दवाखान्यात नोकरी लागली. निघताना ती म्हणाली, "बाबा, याच्याकडे लक्ष ठेवा."

उदारामजींनी ते फारच मनावर घेतले. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. मुलगी कधी एवढी दूर राहिली नव्हती. ते दिवसभर तिला फोन लावत. ती ड्यूटीवर असली की उचलत नसे. मग ते दारापर्यंत जात, परत येत आणि तांब्याभर पाणी माझ्या कुंडीत ओतत. पुन्हा फोन. पुन्हा तांब्या.

माझी मुळे गुदमरली. पाने बुडाशी मऊ पडली. एक पिवळे होऊन आडवे झाले. ते पाहून उदारामजी घाबरले आणि त्यांनी पाणी वाढवले! मला ओरडावेसे वाटे, पण झाडाला आवाज कुठला?

"किती पाणी देऊन राहिले जी?" त्यांची पत्नी मुन्नीबाई एकदा चिडल्या. "कुंडीचा वास येऊन राहिला."

"सुकून राहिला ना तो! रिंकीनं विचारलं तं काय सांगू?"

त्या रविवारी रिंकीचा व्हिडिओ कॉल आला. मुन्नीबाईंनी फोन सरळ माझ्यासमोर धरला. रिंकीने मला निरखून पाहिले.

"बाबा, ते सुकलं नाही. पाण्यानं सडलं."

उदारामजींनी तांब्या खाली ठेवला.

"आणि ड्यूटीत इतके फोन नका करत जाऊ. घरी काही झालं का म्हणून जीव घाबरते माझा. ड्यूटी सुटली का मीच लावीन, रोज."

फोन ठेवल्यावर उदारामजींनी मला उपटले. मुळे काळी, लिबलिबीत झाली होती. ते तिथेच फरशीवर बसले. रिंकीने सांगितल्याप्रमाणे दोन धड पाने कापून त्यांनी सावलीत सुकवली आणि चार दिवसांनी रेतीमिश्रित मातीत लावली. नव्या कुंडीला खाली भोक होते. आता मी त्या दोन पानांपुरतेच उरले होते.

नंतरचे दोन महिने आम्हा दोघांनाही जड गेले. ते तांब्या घेऊन यायचे, माती चाचपायचे, तसेच परत जायचे. फोन उचलायचे, पुन्हा ठेवायचे. अंगणात येरझारा घालायचे. संध्याकाळी रिंकीचा फोन आपणहून यायचा, तेव्हा कुठे टेकायचे.

आज सकाळी मातीतून माझा टोकदार कोंब वर आला. उदारामजींनी फोन हातात घेतला.

"लावा ना, सांगा तिले," मुन्नीबाई म्हणाल्या.

"नाही. ड्यूटीवर असन."

तेव्हापासून त्यांच्या येरझारा चालूच आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात, ऑफिसात माझे भाऊबंद असतील. त्यांना उजेड द्या, त्यांची धूळ पुसा. पाणी घालण्याआधी माती चाचपा आणि ओली लागली तर हात मागे घ्या. ते सोपे नसते. उदारामजींना विचारा, अजून फक्त दुपार झाली आहे.