आतून घासलेली बॅट

मैदानावर पाऊल टाकलं की आत्याला पहिली शिसारी यायची ती जाळीमागच्या पालकांची. आठवडाभर ती इस्पितळाच्या प्लास्टरच्या खोलीत लोकांचे हातपाय बांधायची आणि सोडवायची. कुजकट वासाच्या पट्ट्या कापताना तिचं नाक कधी मुरडलं नाही. पण शनिवारी दुपारी ही शिकलीसवरलेली माणसं जाळीत बोटं खुपसून, चेंडू पिचरच्या हातातून सुटायच्या आत 'मार, मार' म्हणून कोकलायला लागली की तिचं नाक मुरडायचं.

ती खरी आत्या एकाच पोरीची, पण ती पोर हाक मारायची म्हणून, दर शनिवारी ती खेळ शिकवायची त्या शाळेच्या संघातल्या चौदाही जणींची आत्या झाली होती.

स्लो-पिच सॉफ्टबॉल म्हणजे थांबण्याचा खेळ. चेंडू उंच कमान घेऊन, सुट्टीवर आल्यासारखा निवांत उतरतो. आणि पोरींना दम निघत नाही, त्या त्याला अर्ध्या वाटेत गाठायला धावतात. त्यावर आत्याने स्वतःच्या डोक्याने एक उपाय काढला होता. बॅट घेऊन उभं राहताना तोंडात पाण्याचा घोट धरायचा, आणि फटका मारून होईपर्यंत तो गिळायचाही नाही, सांडायचाही नाही. घाई केली की जबडा आवळतो आणि पाणी छातीवर येतं. कोण थांबलं नि कोण नाही, हे आत्या टी-शर्ट बघून सांगायची.

सगळ्यात ओलाचिंब टी-शर्ट तिच्या भाचीचा. फटका हुकला की ती स्वतःभोवती गिरकी घ्यायची, म्हणून सगळ्या तिला भिंगरी म्हणायच्या. स्पर्धेसाठी बारा जणींची यादी त्याच संध्याकाळी द्यायची होती, आणि दोन महिने भिंगरी एकच गोष्ट विचारत होती, की आत्या, मी असेन ना.

त्या शनिवारी भिंगरीने पहिलाच चेंडू थेट मागच्या भिंतीवर नेऊन आदळला. दुसराही तिथेच. आत्याने टाळ्या वाजवल्या, खिशातून यादी काढली आणि बारावं नाव भिंगरीचं लिहूनही टाकलं. तिसरा चेंडू सरळ गेला, पिचरच्या कानाजवळून. पिचर होती चष्मेवाली, पंधरा पावलांवर उभी. तिला मान हलवायलाही सवड मिळाली नाही. चष्मा नाकावर नीट करून ती हसली, कारण काय टळलं ते तिला कळलंच नव्हतं.

तेवढ्यात आत्याचं लक्ष भाचीच्या छातीकडे गेलं. टी-शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत ओला. म्हणजे पोरीने तिन्ही वेळा घाईच केली होती. चुकीच्या फटक्याचा चेंडू भिंतीपर्यंत जातो कसा?

तिने भिंगरीने घरून आणलेली बॅट मागून घेतली. टोकाच्या टोपणाखाली नख फिरवलं, तर गोंदाची बारीक रेघ लागली आणि तिच्याशेजारी अंगठ्याने पुसलेला फराटा. अगदी तसाच फराटा तिच्या स्वयंपाकघरात मिक्सरच्या झाकणावर होता. झाकण जोडून दिलं होतं तिच्या धाकट्या भावाने, भिंगरीच्या बापाने. तो कारखान्यात लेथवर काम करायचा. बॅट आतून घासून पातळ केली की चेंडू दुप्पट जोरात उडतो, हे तिने ऐकलं होतं. आपल्याच घरातलं कुणी ते करील, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिने जाळीमागे उभ्या असलेल्या भावाला बाजूला घेतलं. तो लाजला वगैरे नाही. उलट किती सफाईने आतला थर काढला, टोपण कसं न तडकता निघालं, हे कौतुकाने सांगायला लागला.

"ताई, सगळेच करतात गं. आणि लागलं का कुणाला?"

मागच्याच महिन्यात चेंडू लागून मोडलेला जबडा तारांनी बांधलेली एक मुलगी प्लास्टरच्या खोलीबाहेर बसून नळीने दूध पीत होती, हे आत्या सांगणार होती. सांगितलं नाही. ह्याने त्यावरही मान डोलावली असती.

"चल, पिचरच्या जागी उभा राहा," ती म्हणाली. "मला एक चेंडू टाक."

तो हसत गेला. आत्याने तीच बॅट खांद्यावर घेतली. भावाने चेंडू उंच टाकला आणि चेंडू अजून वरच होता तोवर, दोन्ही हातांनी तोंड झाकून, गुडघ्यात वाकून तो जमिनीशी मुटकुळं करून बसला. आत्याने बॅट हलवलीही नाही. चेंडू तिच्या पायाशी पडला आणि मातीत थांबला.

जाळीत खुपसलेली बोटं एकेक करून मागे गेली. भाऊ उठला, गुडघे झटकले, पण बहिणीकडे बघेना. भिंगरी मात्र एकटक बापाकडे बघत होती.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी मारलेच नाहीत?"

आत्याला आता स्वतःचीच किळस आली. टाळ्या तिनेच तर वाजवल्या होत्या.

"नाही गं. बॅटने मारले."

तिने शाळेची जुनी, पोचे आलेली ॲल्युमिनियमची बॅट पोरीच्या हातात दिली. भिंगरीने नाक ओढलं, बाटलीतून पाण्याचा घोट घेतला आणि उभी राहिली. आत्याने यादी काढली.

"बारावं नाव खोडतेय. चालेल ना?"

तोंडात पाणी असताना बोलता कसं येणार? भिंगरीने डोळे मिटून उघडले. पाणी सांडलं नाही.

चष्मेवालीने चेंडू टाकला. तो वर गेला, रेंगाळला, खाली यायला लागला. भिंगरी थांबली, आणखी थांबली, आणि मग बॅट फिरली. चेंडू तीन टप्पे घेत निघाला. चष्मेवालीने दोन पावलं टाकून, वाकून तो आरामात उचलला.

आत्याने टी-शर्टकडे पाहिलं. नवं पाणी म्हणजे हनुवटीवरचे दोनच थेंब. भावाची बॅट तिने काखेत तशीच घट्ट धरून ठेवली होती. घरी नेऊन करवतीने कापायची होती, प्लास्टर कापतात तशी, उभी.