घर पाहाले आलेली माणसं

"घर पाहाले आलो, बाई," दारातला माणूस म्हणाला आणि गोदाबाईच्या हातातला झाडू थांबला.

त्याच्या मागे बैलांच्या दमणीतून एक बाई उतरत होती. अंगावर नवं लुगडं, गळ्यात नुकतीच घडवलेली पुतळ्यांची माळ. कापसाचा पैसा लांबूनच कळत होता.

"मी किसनराव, नांदगाव खंडेश्वरचा. हे आमची आशाबाई. कापूस घेऊन अकोल्याले आलो होतो. लोक म्हणत, घर पाहावं तं हेच."

आता वऱ्हाडात घर पाहायला कोण येतं, हे काय सांगायला हवं? मुलीचा बाप मुलाचं घर पाहतो. दोन दिवस बैल दामटून परक्याचं घर नुसतं बघून जायचं, असला रिकामटेकडा उद्योग तोवर कुणाला ठाऊक होता! आणि गोदाबाईचा जानराव चोविशीला आलेला. त्याच्या बरोबरीच्यांची लेकरं मोर्णेत डुंबत होती, याला मात्र कुणी मुलगी देईना. जमीन नव्हती, दुसरं काय. बाप या हवेलीचा राखणदार होता. तो गेला आणि मायलेक राखणदार झाले. इंग्रजांचा अंमल आला तसे मालक हैदराबादेला गेले ते गेलेच. सारं जसंच्या तसं राहिलं पाहिजे, एवढं मात्र बजावून गेले. तेव्हापासून अकरा वर्षं गोदाबाई कुणी न बसलेल्या गाद्या झटकत होती, कुणी न लावलेल्या दिव्यांच्या काचेच्या हंड्या पुसत होती. दमली होती बिचारी. पोरासाठी लोकांच्या दारी हात जोडून तर पार दमली होती.

"या ना जी, बसा!" म्हणत ती परसात धावली. "जानराव! ऊठ बाप्पा, पाय धू. धोतर बदल, तुया बापाचं पागोटं बांध. नांदगाव खंडेश्वरचे पाहुणे आले, घर पाहाले!"

जानराव लाजला. एवढा मोठा बाप्या, पण लाजला.

होता नव्हता तो गूळ घालून तिनं शिरा केला, वाट्या पाहुण्यांच्या हातात दिल्या आणि घर दाखवायला घेतलं. किसनराव चांगला चौकस निघाला. खोल्या किती? बावीस. आडाले पाणी? बारमाही. खांब सागाचे? मेळघाटचा साग, जी. एकेक प्रश्न अगदी पोरीच्या बापाला शोभेल असा. सयपाकघरात तर आशाबाईनं गालाला हातच लावला.

"माय व! केवढं हे! आमची शकुन तं यात हरवूनच जाईन."

"शकुन कोण?" गोदाबाईनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आमची पोट्टी. बारा वर्साची हाय."

गोदाबाईला भरून आलं. किसनरावानं जानरावाकडे पाहिलं, "पोट्टा कामाचा दिसते," म्हणाला, आणि ती मनातल्या मनात अक्षतांना हळद लावू लागली.

माडीवरच्या दिवाणखान्यात मात्र तिच्या मनात आलं, यांना हे सारं आपलंच वाटलं असेल तर? गप्प राहिलं तर लग्न होऊन जाईल. एकदा माळ पडल्यावर पोरगी कोण परत नेतो? दोन गाद्या, एक हंडी तिनं आपल्याच असल्यासारख्या दाखवल्याही. पण मग ती पोर जन्मभर आपल्याकडे कशी बघेल, ते तिला तिथल्या तिथे दिसलं.

"भाऊ, एक सांगाचं हाय," ती म्हणाली. "हे घर आमचं नोहे. आमी राखणदार. आमच्या दोन खोल्या मांगं, गोठ्याच्या बाजूले. जमीनही नाई. पण पोरगा निर्व्यसनी हाय. तुमच्या शकुनले काही कमी पडू द्याचा नाई."

किसनराव बघतच राहिला. "कोणता पोरगा? अवो बाई, घर मालकाचं हाय हे आमाले माईत हाय. आमाले असंच बांधाचं हाय, म्हणून पाहून राहिलो."

आशाबाईच्या ध्यानात सगळं आलं. तिनं वाटी खाली ठेवली.

"शकुनचं लगन ठरलं, बाई. वैशाखात हाय. तिवश्याचे व्याही येतीन, म्हणून तं घर बांधतो. आमाले समजलंच नाई वो. माफ करजा."

"तुमचं काय चुकलं? मीच येडी," गोदाबाई म्हणाली आणि हसली. दाराशी जानराव उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

किसनरावानं उगाच कमरेला गुंडाळलेली मापाची दोरी सोडली.

"भाऊ, जरा टोक धरतं का? जिन्याचं माप घेतो."

जानरावानं आईकडे पाहिलं.

"धर," ती म्हणाली. "नीट धर. माप चुकाले नको."

तो जिन्यात खाली बसला, त्यानं पायरीला दोरी लावली. किसनरावानं पायरीच्या उंचीवर गाठ मारली. गोदाबाई वरून बघत होती.

"एवढी उंच नका ठेवू, भाऊ," ती म्हणाली. "चढू चढू माहे गुडघे गेले. तुमी बुटक्या करा. शकुन पयल्या बाळंतपणाले येईन, तवा तिले चढाले सोपं जाईन."

आशाबाईनं तोंडाला पदर लावला. किसनरावानं गाठ सोडली आणि दोन बोटं खाली पुन्हा मारली. जानरावानं टोक तसंच घट्ट धरून ठेवलं होतं.