शीतलचे सोमवार

दुखणं सुनेचं, पण कंबर मोडली गिरिजाबाईंची. आष्टीहून परतूर, परतूरहून जालना, आणि चार दिवस काढून पुन्हा आष्टी. शीतलच्या पोटात कळ उठली की अंगावरच्या लुगड्यानिशी एसटी गाठायची. कुणी अपेंडिक्स म्हणालं, ते काढून झालं, तरी कळ जागच्या जागी. मग हातापायांतलं बळ जायला लागलं. मध्येच ती भलतंसलतं बडबडायची, आणि गल्लीला तेवढं निमित्त पुरलं. बाहेरचं आहे म्हणे. म्हणायला लोकांचं काय जातं!

गिरिजाबाईंनी बाहेरचं मानलं नाही, पण देवाला सोडलंही नाही. तरुणपणापासून त्या सोमवार धरायच्या. कडक उपास, साबुदाण्याचा दाणा नाही. तोच सोमवार त्यांनी सुनेला लावून दिला. दुखणं वाढलं तसा वर गुरुवारही लावला. शीतल गुणाची पोर, तिनं हूं की चूं केलं नाही.

शेवटी जालन्याच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तिची लघवी बाटलीत धरून खिडकीतल्या उन्हात ठेवायला लावली. बघता बघता ती लाल झाली. पुढच्या तपासण्या मुंबईला गेल्या आणि नाव आलं, पोर्फिरिया. लाखात एखाद्याला होणारा आजार. रक्ताचा लाल रंग बनवताना शरीर मध्येच अडतं आणि साचलेलं विष पोटाच्या, हातापायांच्या, मेंदूच्या नसांना भोवतं, असं बाईंनी समजावलं. आणि उपाशी राहिलं की ते विष उसळतं. हिला एक वेळही उपाशी ठेवू नका, त्या बजावून म्हणाल्या.

गिरिजाबाई खुर्चीतून उठल्याच नाहीत. कळ बहुतेक मंगळवारी नाहीतर शुक्रवारी उठायची, हे त्यांना तिथं बसल्या बसल्या आठवलं. आपल्याच हातानं आपण पोरीला मारत होतो, या विचारानं त्यांना रडूही येईना.

पण बोललेला उपास अर्धवट कसा टाकायचा? सोमवार त्यांचा होताच, घरी आल्यावर सुनेचा गुरुवारही त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला. तू फक्त जेव, उपाशी मी राहते, असं तिला सांगून टाकलं. वय झालेलं, गुरुवारी संध्याकाळपर्यंत डोळ्यांपुढं अंधारी यायची. मुलगा रामप्रसाद रागावला, तरी त्यांनी ऐकलं नाही. दोन महिने बरे गेले.

मग एका मंगळवारी पहाटे कळ परत उठली. रामप्रसादनं जीप बोलावली. गिरिजाबाई म्हशीला पेंड टाकायला गेल्या, तर गव्हाणीत कालच्या दोन भाकरी पडलेल्या. भाजीसकट, म्हशीनं तोंड न लावलेल्या.

जालन्याला ग्लुकोजच्या बाटल्या चढल्या आणि शीतल घरी आली. हात इतके दुबळे की तुकडा मोडवत नव्हता. सोमवारी सकाळी गिरिजाबाई तिच्या बाजेशी बसल्या आणि गव्हाणीचं विचारलं.

शीतलनं तोंड भिंतीकडं वळवलं. मग म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही या वयात माझ्यापायी उपाशी राहून राह्यल्या, अन् मी तुमच्यासमोर बसून गिळू? दोन महिने कसंतरी गिळलं, आता न्हाई उतरत घशाखाली."

गिरिजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. चुलीजवळून भाकरी आणि वांग्याची भाजी एकाच ताटात घेऊन आल्या. देवळीतल्या महादेवाकडं त्यांनी एकदा पाहिलं. काय करायचं ते माझं कर, असं मनात म्हणाल्या आणि घास मोडून तोंडात घातला. तो गिळायला त्यांना फार वेळ लागला.

"हे बघ, मी खाऊन राह्यले," त्या म्हणाल्या. "आता घे मंग."

दुसरा घास त्यांनी सुनेच्या तोंडापुढं धरला. शीतलनं सासूकडं पाहिलं, डोळे पुसले आणि तोंड उघडलं.

ताट संपेपर्यंत दोघी आळीपाळीनं जेवल्या. भाजीत मीठ कमी होतं, पण उठून आणायचं त्राण दोघींतही नव्हतं.