लोण्याच्या सुरीला दात

आमचे हे, गिचुही, म्हणजे गावातले बकरा वाटणारे. कुणाच्याही घरी सोयरिक असो, भाजलेला बकरा फळीवर आला की सुरी यांच्याच हातात. कुणाला बरगडी, कुणाला मांडी, कधी कुरबुर नाही. मग झटका आला, उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून माणसानं मटणच सोडलं. "दुसऱ्यानं कापून भरवायला मी काय तान्हं बाळ आहे?" म्हणायचे. माणसांत जाणंही बंद. मला तर वाटायचं, हा माणूस असाच आतल्या आत विझणार.

डाव्या हातात जोर नाही. घरातली सुरी गळून पडायची. आमची लेक वांगुई गॅरेजात काम करते. तिनं गिकोंबाच्या बाजारातून कुणीतरी वापरून टाकलेल्या स्वस्तातल्या टेबलसुऱ्या आणल्या. मूठ जाड, टोक गोल, पावाला लोणी फासायच्या.

"अगं, यांना केळं कापायची मारामार, आणि तू बकऱ्याच्या मागे लागलीस?" मी म्हटलं.

"आई, जरा गप बस गं."

पहिली सुरी तिनं धारेच्या चाकावर दाबूनच धरली. पातं तापून निळं पडलं, धार टिकेना. मी तोंड सोडलंच. दुसरी मात्र क्षणभर चाकाला लावायची, की लगेच पाण्यात. चुर्र! टोक निमुळतं झालं, पात्याला करवतीसारखे बारीक दात आले. मग तिनं माझ्या तुटक्या चपलेचा चामडी पट्टा घेतला आणि सुरी नुसती ओढली. पट्ट्याचे दोन तुकडे! देवाशपथ, अंगावर काटा आला माझ्या.

रविवारी दिरांकडे बकरा होता. "खाऊ नका, नुसते बसा," म्हणून यांना ओढत नेलं. दीर म्बुगुआ कापत होते, वेडंवाकडं. वांगुईनं खालून खिळा ठोकलेली फळी बापासमोर ठेवली, वर आलेल्या टोकावर बकऱ्याची मांडी रोवली आणि सुरी बाजूला ठेवली.

यांनी डाव्या हातानं सुरीची मूठ धरली. एकदा मागं, एकदा पुढं. सुरी हाडापर्यंत गेली, जणू मांस स्वतःहून बाजूला होत होतं.

"म्बुगुआ, सरक," हे म्हणाले. "बकरा कापतोयस की लाकडं फोडतोयस?"

आणि वाटायला लागले. म्हाताऱ्यांना, सुनांना, पोरांना, ज्याचं त्याला. मी तोंडावर हात दाबून बघत होते. एवढीशी ती लोण्याची सुरी, आणि तिनं माझा अख्खा नवरा परत आणला!

सगळ्यांना मिळाल्यावर त्यांनी एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. डोळे मिटून चावला, सावकाश.

"मीठ कमी आहे," म्हणाले.

रडता रडता मीच मीठ आणायला धावले.