कंडक्टरबाईंचे आभार

आनंदराज वाघमारे नांदेडला कचेरीत कारकून होता. घरात त्याचं फारसं कुणी ऐकत नसे. बायको महामाया एसटीत कंडक्टर. दिवसभर गाडीभर माणसांवर ओरडून आलेल्या बाईपुढं कारकुनाचा आवाज कुठं टिकायचा!

एका शनिवारी सकाळी महामाया सगळ्यांचे डबे भरून ड्यूटीवर गेली. पाठीमागं धाकट्या सोमेशनं डबा उघडला आणि नाक मुरडलं. "आज पण वांगंच!"

थोरली तनुजा म्हणाली, "माझ्या युनिफॉर्मला इस्त्रीच न्हाई केली आईनं."

आनंदराजला राग आला. "अरे, तुमची आई अंधारात उठून हे सगळं करते. कधी एका शब्दानं आभार मानलेत का?"

"आईला कोण थँक्यू म्हणतं?" तनुजा म्हणाली. "ती आईच हाय की."

मग आनंदराजनं मनावर घेतलं. दुपारभर त्यानं दोघांकडून वाक्यं घोटून घेतली. संध्याकाळी महामाया घरात आली, तशी दोघं तिच्यासमोर ओळीत उभी राहिली आणि प्रार्थना म्हटल्यासारखी एका सुरात बोलली, "आई, तू आमच्यासाठी लई करतीस. थँक्यू."

महामायानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "काय फोडलं?"

"काहीच न्हाई."

"मग काय हरवलं?"

ती तडक स्वयंपाकघरात गेली. तिनं फ्रिज उघडला, डबे हलवून बघितले, आणि शेवटी गॅसच्या टाकीमागं तिला मिक्सरच्या भांड्याचं झाकण सापडलं. त्याचे दोन तुकडे झाले होते. लेकरांना खरंच काही माहीत नव्हतं. दोघांनी वळून बापाकडं बघितलं. आनंदराज घाईघाईनं गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेला.

"असं हाय का!" महामाया आतून म्हणाली. "तोडायचं तुम्ही आन् लेकरं पुढं करायची!"

आभार राहिले बाजूला, आनंदराजला रविवारी सकाळी बाजारात जाऊन नवीन झाकण आणावं लागलं. पण येताना त्याच्या मनात आलं, की लेकरांचं तरी काय चुकलं? आई दिवसभर काय करते हे त्यांनी बघितलंच कुठं होतं? त्या दिवशी महामायाची नांदेड-देगलूर गाडी होती. तिला काही न सांगता तो दोघांना घेऊन बसस्टँडवर गेला आणि गाडीत जाऊन बसला.

गाडी खच्चून भरली. तिकिटं फाडत महामाया त्यांच्यापाशी आली. सोमेश आनंदानं ओरडला, "आई!"

ती क्षणभर चपापली. मग म्हणाली, "गाडीत आई न्हाई. कुठं जायचं ते सांग."

"देगलूर," सोमेश बारीक आवाजात म्हणाला.

तिनं तिकिटं आनंदराजच्या हातात दिली. "आन् साहेब, पाय आत घ्या. वाट अडवून बसलात."

नायगावला एक माणूस मिरच्यांची पोती घेऊन मधल्या वाटेतच बसायला लागला. महामायानं त्याला पोत्यांसकट मागं पाठवलं. खिडकीवरून दोन बायांची जुंपली होती, ती तिनं मिटवली. नागुबाई नावाच्या म्हातारीला जागा मिळाली नव्हती, गुडघ्याला पट्टी बांधलेली. महामायानं तिला स्वतःच्या सीटवर बसवलं आणि आपण दांड्याला पाठ टेकून उभी राहिली. प्रत्येक खड्ड्याला ती हिंदकळत होती.

"बाई, जरा हळू बोला की," कुणीतरी म्हणालं.

"हळू बोलले की देगलूरवाले नरसीलाच उतरतेत," ती म्हणाली. सगळे हसले.

तनुजा मात्र हसली नाही. ती आईच्या पायांकडं बघत होती. "पप्पा," ती हळूच म्हणाली, "घरी आल्याबरोबर आई पाय गरम पाण्यात घालून बसती, ते ह्याच्यामुळं?"

आनंदराजनं मान हलवली. आपण काही शिकवायला जायचं नाही, एवढं शहाणपण त्याला आलं होतं.

नरसी गेल्यावर सोमेश अचानक उठून उभा राहिला. "कंडक्टरबाई, तुम्ही बसा इथं."

"मी ड्यूटीवर बसत न्हाई."

"बस गं बाई," नागुबाई म्हणाली. "लेकरू उठलंय तुझ्यासाठी. कोणाचं हाय गं इतकं गुणाचं?"

"माझंच हाय," महामाया म्हणाली आणि बसली. तनुजानं पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली.

"आई, तू रोज अशी उभी असतीस?"

"न्हाई गं. कवा कवा लटकून बी असते."

"मग उद्यापासून इस्त्री माझी मीच करीन," तनुजा म्हणाली. थोडं थांबून तिनं आईच्या बाहीला हात लावला. "थँक्यू, आई."

हे कुणी घोटून घेतलं नव्हतं. महामाया तिकिटाच्या मशीनची बटणं उगाच दाबत राहिली.

नागुबाईची नजर आता आनंदराजकडं वळली. "लेकरं बोलली. तुमी बाप न्हवं का? तुमी काहीच न्हाई म्हणत?"

लग्न झाल्यापासून आनंदराजनं हे कधीच म्हटलं नव्हतं. "माया, म्हणजे... तू लई..."

"जोरात! मागं ऐकू यीना!" मिरचीवाला ओरडला.

आनंदराज उठला. वरच्या रॅकला त्याचं डोकं आपटलं, तरी तो मागं हटला नाही. "महामाया, तुझ्या जिवावर आमचं घर उभं हाय," तो म्हणाला. इथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण इतक्या वर्षांच्या कचेरीच्या सवयीनं पुढं तोंडून निघालंच, "तरी आपला आभारी आहे."

गाडी हास्यानं दणाणली. महामायालाही हसू आवरेना. "बसा खाली," ती म्हणाली. "चालत्या गाडीत अर्ज घेत नसतेत."

पुढच्या थांब्यावर माणसं उतरली, नवी चढली. दार लागलं, तरी गाडी हलेना. ड्रायव्हर गुरुपादप्पा यांनी आरशातून मागं बघितलं. कंडक्टरबाई सोमेशला मांडीवर घेऊन रुमालानं डोळे टिपत बसल्या होत्या.

"बाई," गुरुपादप्पा म्हणाले, "घंटी मारता, का मी उतरून चहा पिऊन येऊ?"